दुपारी बारा, इसम गैरहजर

माझं अक्षर चांगलं होतं. पोलिसात भरतीला गेलो तेव्हा छातीचं माप जेमतेम भरलं, धावण्यात मागून तिसरा आलो, पण अर्ज बघून साहेबांनी विचारलं, हे तूच लिहिलंस का. हो म्हणालो. तेवढ्यावर पोराला सरकारी नोकरी लागली, असं वडील पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी ऐकून घेत असे. त्याच अक्षराने मी एका माणसाला तुरुंगात घातलं, हे त्यांना कळलं नाही. बायकोला अजूनही माहीत नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

वयाची पन्नाशी आली. ज्यांच्याबरोबर मी चार वर्षं गस्त घातली ते जमादार मागच्या साली वारले. मातीला गेलो होतो. त्यांच्या मुलाने मला मिठी मारली आणि म्हणाला, आमचे आबा तुमची फार आठवण काढायचे. तेव्हा ठरवलं की आता लिहायचं. लिहिलं नाही तर ही गोष्ट घडलीच नाही असं होईल, आणि मनातून मला तेच हवं होतं.

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं. पुणे-नाशिक रस्त्यावर आमची चौकी होती, गावाचं नाव मी लिहीत नाही. आमची पायी गस्त चाकणच्या अलीकडून सुरू व्हायची. इंद्रायणी ओलांडायची, चऱ्होलीवरून दिघीच्या माळावर चढायचं आणि भोसरीच्या अंगाने परत रस्त्याला लागायचं. तो सगळा भाग तेव्हा बाजरीचा आणि कुसळांचा. दूर पिंपरीकडे नव्या कारखान्यांचे पाये खणायला सुरुवात झाली होती, तिकडून वाऱ्यावर सुरुंगाचे आवाज यायचे. जमादार म्हणायचे, "कारखाने होऊ दे रे. मग आपल्याला शायकल तरी मिळंल." सायकल मला मिळाली ती दहा वर्षांनी, त्यांना कधीच मिळाली नाही.

जमादार म्हणजे हेडकॉन्स्टेबल, दंडावर तीन फिती. उंच, थोडे वाकलेले, गालात तंबाखू. सही सोडून त्यांना काही लिहिता येत नसे, म्हणून तर माझी जोडी त्यांच्याशी लावलेली. बायको कानाने अधू. घरी गेले की तिच्याशी एवढ्या मोठ्याने बोलायचे की आज जमादाराकडे वांगं आहे की पिठलं, ते पोलीस लाइनीतल्या सगळ्या खोल्यांना कळायचं. बायका मुद्दाम विचारायच्या, जमादार, काल मीठ जास्त झालं होतं वाटतं. ते म्हणायचे, तुम्हाला कळलं ना, तिला कळू दे म्हणून ओरडत होतो. सिनेमाचं मात्र त्यांना वेड होतं. तंबूतला सिनेमा आला की बंदोबस्ताची ड्युटी स्वतः मागून घ्यायचे आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बसून उलटा सिनेमा बघायचे.

आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच घडलं. गस्तीवर जाताना बरोबर एक वही असे. प्रत्येक गावी किती वाजता पोचलो, काय पाहिलं, ते तिच्यात लिहायचं आणि खाली त्या गावच्या पोलीस-पाटलाची सही घ्यायची. सही असली की शिपाई गावात गेला होता, नसली की गेला नव्हता. पाटलांचा मात्र त्याने खोळंबा व्हायचा. एक पाटील तर उघडच म्हणाला, "रोज रोज मला मळ्यातनं कशाला बोलावता राव? आना ती वही." आणि त्याने पुढच्या आठ पानांच्या तळाशी कोऱ्या सह्या करून दिल्या. मी नवा होतो. जमादारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "घे. समदे घेत्यात." त्यानंतर त्या गावची सही आम्ही आठवड्याला एकदा घ्यायचो आणि वरचा मजकूर मी सवडीने भरायचो. बहुतेक वेळा आम्ही गावात खरंच जात असू. बहुतेक वेळा.

त्या पाटलाच्या हद्दीत, माळावर दगडाची खाण होती. खाणीपाशी सात-आठ पालांची वस्ती. ज्यांना इंग्रज सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्यातली ही माणसं. तो कायदा आपल्या सरकारने रद्द केला होता. पण ज्यांच्या नावावर पूर्वीची शिक्षा होती, त्यांची हजेरी सुटली नव्हती. वस्तीतल्या अशा एका माणसाचं नाव आमच्या वहीत होतं. तरुणपणी त्याने कुणाच्या कोंबड्या पळवल्या होत्या, त्याची तीन महिन्यांची शिक्षा. वय तिशीचं. दिवसभर खाणीत दगड फोडायचा. पाटलाचा दाखला घेतल्याशिवाय त्याने गाव सोडायचा नाही, आणि आम्ही गस्तीवर गेलो की त्याला डोळ्यांनी पाहून वहीत लिहायचं, "इसम समक्ष पाहिला, हजर." नसेल तर, "गैरहजर."

आम्ही दिसलो की तो हातातला हातोडा खाली ठेवून उभा राहायचा. जमादार दुरूनच हात करायचे, बस बस. कधी तो आम्हाला गाडग्यातलं थंड पाणी द्यायचा. आपलं पाणी आम्ही पितो याचं त्याला अप्रूप वाटे. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, आणि आधीची दोन मुलं जन्मतः गेलेली. जमादार तिला विचारायचे, पोरी, कितवा? ती पालात तोंड लपवायची. आमचं नातं म्हणायचं तर एवढंच.

एके दिवशी फौजदारांनी चौकीत बोलता बोलता सांगितलं की पुण्यात पोलिसांवर एक सिनेमा लागलाय. चोर-पोलीस नाही, मारामारी नाही. गस्तीवरच्या दोन शिपायांचं जगणं दाखवलंय नुसतं. "झोप येते," ते म्हणाले. पण जमादारांच्या डोक्यात ते बसलं. दोन दिवस गस्तीवर त्यांचा तोच विषय. गस्तीवरच्या माणसाचं काय दाखवत असतील, चालताना दाखवत असतील का, वगैरे. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो की पाटलाच्या सह्या आहेतच, बुधवारी दुपारच्या तीनच्या खेळाला जाऊन येऊ. हे मी म्हणालो. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी घोळवत राहिलो की जमादारांनी मला नेलं. नाही. त्यांना भीती वाटत होती, मी आग्रह केला. मलाही पुणं बघायचं होतं.

डगले आणि टोप्या पिशवीत घातल्या आणि सकाळच्या यष्टीने गेलो. स्टेशनजवळ उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. खेळाला वेळ होता. पलीकडे मोठा सरकारी दवाखाना, त्याच्यासमोर चहाची टपरी. बाकावर बसलो आणि मला भिंतीकडेला खाणीतला तो माणूस दिसला. बायको जमिनीवर आडवी, तिचं डोकं त्याच्या मांडीवर. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. दाखल्याशिवाय गाव सोडलेलं, आणि समोर आम्ही.

आमचाही चेहरा उतरला असणार. पण जमादार उठले, त्याच्यापाशी गेले, उकिडवे बसले. तिला पहाटेपासून कळा येत होत्या आणि अंगातून रक्त जात होतं. वस्तीतल्या म्हातारीने हात टेकले, तेव्हा त्याने खाणीवरच्या दगडाच्या ट्रकवाल्याच्या पाया पडून तिला आणलं. पाटील घरी नव्हता, दाखला कुणाकडे मागणार. आत नाव लिहून घेताना त्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही, मेव्हण्याचं सांगितलं. आपलं नाव सांगितलं तर ते पोलिसाला कळवतील, असं त्याला वाटलं. आतून अजून बोलावणं आलं नव्हतं. जमादार उठून थेट दवाखान्यात गेले. काय बोलले ठाऊक नाही, पण थोड्या वेळाने दोन बायका स्ट्रेचर घेऊन आल्या आणि तिला आत नेलं. तो बाहेरच उभा. जमादारांनी त्याला टपरीवर आणला, चहा सांगितला. त्याने तो बशीत ओतला आणि हात थरथरत होता म्हणून बशी मी धरली. समोर स्टेशनच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे माझ्या इतकं लक्षात आहे की त्या काट्यांचं चित्र मी आजही काढू शकेन.

"आमी इथं भेटलो, कुटं बोलू नको," जमादार त्याला म्हणाले. "आमी बी न्हाई बोलत."

"व्हय साहेब," तो म्हणाला. "देवासारखं भेटलात."

मग आम्ही सिनेमाला गेलो. सिनेमा कसा होता हे लिहायला मला लाज वाटते, कारण मला तो आवडला. दोन शिपाई. एक म्हातारा, एक तरुण. चालतात, भांडतात, पावसात वडाखाली उभे राहून भाकरी खातात. एक भांडण मिटवतात, एक मिटत नाही. म्हाताऱ्याच्या टाचांना भेगा पडलेल्या असतात आणि बायको त्यांत कोमट मेण सोडते. सुरुवातीला जमादार शेजारून बोलत होते, "त्याच्या पायाच्या पट्ट्या बघ कशा कोऱ्या. कधी फुफाट्यात चाललाय का लेकाचा?" पुढचा एक माणूस वळून म्हणाला, ओ काका, पोलीस आहात का? जमादार गप्प बसले. मेणाचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "आपल्याकडं कुनी बघतंय असं पयल्यांदा वाटलं बघ."

परतीच्या यष्टीत मी वही काढली. त्या दिवसाचं पान भरायचं राहिलं होतं, तळाशी पाटलाची सही होती. नेहमीसारखं "समक्ष पाहिला, हजर" लिहायला घेतलं आणि थांबलो. पुण्यात त्याला आणखी कुणी पाहिलं असलं तर? ट्रकवाला बोलला तर? तो बारा वाजता पुण्यात होता आणि आम्ही त्याला बारा वाजता पालात पाहिला असं निघालं, तर आम्ही गावात गेलोच नाही हे उघडं पडणार. जमादारांना म्हटलं, गैरहजर लिहितो. त्याने ते खरंही होईल आणि आपण गेलो होतो हेही दिसेल. ते विचारात पडले. म्हणाले, त्याला तरास व्हईल. मी म्हटलं, फार तर पाटील दोन शिव्या घालील, फौजदार एक रात्र बसवून ठेवतील, दरवेळी तसंच होतं. शेवटी ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, लिव्ह.

मी लिहिलं. यष्टी हालत होती तरी अक्षर चांगलं आलं. "दुपारी बारा वाजता खाणीवरील वस्तीस भेट दिली. इसम गैरहजर. कोठे गेला याचा तपास लागला नाही."

दुसऱ्या दिवशी कळलं की पिंपरीच्या बाजूला एका कारखान्याच्या बांधकामावर तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली. काल दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. बारा ते एक. राखणदाराने एक माणूस ओझं घेऊन माळाच्या दिशेने जाताना पाहिला होता. चेहरा सांगता येत नव्हता.

फौजदार वाईट माणूस नव्हते. वरून दाब होता, कारखाना नवा, साहेब लोकांचे फोन येत होते. त्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. गस्तीच्या वह्या मागवल्या आणि त्या दिवशी हजेरीवाल्यांपैकी कोण गैरहजर होतं ते पाहिलं. एकच होता. मला ते म्हणाले, "शाबास. अशी नोंद ठेवावी."

वस्तीवर विचारल्यावर म्हातारीने त्याची बायको पुण्याच्या दवाखान्यात असल्याचं सांगितलं, आणि त्याला दवाखान्याच्या दारातच धरला. मुलगी झाली होती, बाई जगली होती. तो चौकीत आला तेव्हा घाबरलेला दिसला नाही, हे मला आठवतं. त्याला वाटलं असणार, हे दोघे इथे आहेतच, आता सांगतील आणि संपेल. फौजदारांनी विचारलं, काल दुपारी कुठे होतास. तो माझ्याकडे पाहत राहिला, आम्ही बोलायची वाट बघत. बोलू नको असं त्याला सांगितलं होतं ना. दोनदा विचारल्यावर, एक कानाखाली बसल्यावर, तो म्हणाला, दवाखान्यात होतो. दवाखान्यात विचारलं तर तिथे त्याचं नावच नव्हतं, मेव्हण्याचं होतं. मेव्हणा होता खाणीवर, दहा माणसांसमोर दगड फोडत. मग हे खोटंच ठरलं, चोरी करून नंतर तो बायकोपाशी गेला असं धरलं. ट्रकवाल्याला बोलावलं, तो नाही म्हणाला. ट्रकमध्ये माणसं बसवली हे मालकाला कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. सगळ्यांच्या नोकऱ्या होत्या.

तेव्हा तो म्हणाला, "या साहेबांनी मला चा पाजला. यांना इचारा."

फौजदार हसले. चौकीतला कारकूनही हसला. आम्ही बारा वाजता त्याच्या पालापाशी होतो, पाटलाच्या सहीनिशी. फौजदारांनी माझ्याकडे बघून, थट्टेच्याच सुरात विचारलं, "काय रे, चहा पाजलास का याला?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

कुणी दरडावलं नव्हतं. विचार करायला वेळ नव्हता असंही नाही. हो म्हटलं तर काय काय होईल, ते एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. खोटी नोंद, कोऱ्या सह्या, ड्युटी सोडून सिनेमा. पट्टा काढून घेणार. बहिणीचं लग्न ठरलं होतं ते मुलाकडच्यांनी भाऊ सरकारी नोकरीत म्हणून ठरवलं होतं. हे सगळं दिसलं आणि तोंडातून नाही बाहेर पडलं. जमादार दाराशी उभे होते.

त्या संध्याकाळी ते मला लाइनीमागच्या विहिरीपाशी घेऊन गेले. बराच वेळ तंबाखू मळत होते, तोंडात टाकली नाही. मग म्हणाले, "मी म्हातारा. माझी खोली जाईल, म्हातारीला घिऊन भावाच्या दारात जावं लागंल. जाऊ. पर तू तरणा हाईस. तू ठरीव. तू बोललास तर मी तुझ्या मागं हुबा ऱ्हातो. न्हाई बोललास तर मी बी न्हाई बोलत."

मी म्हटलं, कोर्टात सुटेल तो. पुरावा काय आहे? माल सापडलेला नाही.

"सुटंल?"

"सुटेल जमादार."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, कायदा मला जास्त कळतो असा त्यांचा समज होता. त्यांनी विश्वास ठेवला, की ठेवायचं ठरवलं, मला सांगता येणार नाही. लोकांना मी कधी ही गोष्ट अर्धीमुर्धी सांगायला घेतली असती, तर म्हातारा जमादार, त्याची बहिरी बायको, त्यांचा विचार करून मी गप्प बसलो असं सांगितलं असतं. मनाशी तर शंभरदा सांगितलं. ते खरं नाही. त्यांनी मला मोकळं केलं होतं. मी माझ्यासाठी गप्प बसलो.

आठ-दहा दिवसांनी त्याची बायको चौकीत आली. अंगात ताकद नव्हती, दर दहा पावलांवर बसत आली असावी. छातीशी फडक्यात मुलगी. चौकीत मी एकटाच होतो. ती पायरीवर बसली. रडली नाही. स्ट्रेचरवर घालताना तिनेही आम्हाला पाहिलं होतं, चहाचं नवऱ्याने सांगितलं असावं.

"साहेब," ती म्हणाली, "दुसरं काई न्हाई. तुमी फकस्त येवढंच म्हना, की चा पाजला."

मी तिला म्हणालो, "बाई, तुझी काहीतरी चूक होतेय. आम्ही तिथे नव्हतो."

तिने वर पाहिलं. ती चिडेल, शाप देईल असं मला वाटत होतं, आणि दिला असता तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मंग माझीच चूक झाली आसंल. मला तवा शुद्ध नव्हती." आणि उठायला लागली. उठता येईना तेव्हा मी हात पुढे केला. तिने तो धरला. आपल्यालाच भास झाला असेल यावर ती खरंच विश्वास ठेवायला लागली होती. डगल्यातला माणूस खोटं बोलत असेल, हे तिला पटत नव्हतं.

कोर्टात वही मांडली. मला पिंजऱ्यात उभं करून नोंद वाचायला सांगितली. मी वाचली, खणखणीत आवाजात, कारण आवाज बारीक आला तर संशय येईल असं वाटलं. त्याला वकील नव्हता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का. वाटलं, तो विचारणार नाही. मग आमच्या गस्तीला उभा राहायचा तसाच हात जोडून म्हणाला, "बशी कुनी धरली व्हती साहेब?"

मॅजिस्ट्रेटना प्रश्न कळला नाही. कसली बशी, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही साहेब, तो काय म्हणतोय ते. त्यांनी पुढे जा म्हणून खूण केली. मी खाली उतरलो.

जुनी शिक्षा, गैरहजेरी, खोटं सांगितलेलं नाव आणि राखणदाराची साक्ष. दीड वर्ष. तार कधीच सापडली नाही.

जमादार त्या दिवशी माझ्याबरोबर चौकीपर्यंत चालत आले. वाटेत किंवा नंतर त्यांनी मला कधी दोष दिला नाही. फक्त त्यांचं सिनेमाला जाणं बंद झालं. तंबू आला की बंदोबस्ताला दुसऱ्याला पाठवायचे. पुढच्या वर्षी निवृत्त झाले, मिरवणूक निघाली, मी हार घातला. हार घालताना ते कानाशी म्हणाले, "सुटंल म्हनला व्हतास." तेवढंच.

मग दीड वर्षाने तो परत आला. आणि आता ऐका, कारण खरं सांगायचं ते इथे आहे.

शिक्षा भोगून आला म्हणून त्याची हजेरी आणखी कडक झाली. आधी आम्ही गस्तीवर गेलो की त्याला पाहायचो. आता आठवड्यातून दोनदा खास त्याच्यासाठी वस्तीवर जायचं होतं, आणि जोडीला नवा शिपाई असला तरी वही माझ्याकडेच होती. त्या पाटलाकडून कोऱ्या सह्या घेणं मी बंद केलं होतं. प्रत्येक खेपेला खरंच चालत जायचो. तो हातोडा ठेवून उभा राहायचा. केस अर्धे पांढरे झालेले. मी लिहायचो, "समक्ष पाहिला, हजर." तो कधीच काही बोलला नाही. रागाने बघितलं नाही की नजरही चुकवली नाही. हजेरी झाली की परत बसून दगड फोडायचा. पाणी मात्र त्याने पुन्हा कधी पुढे केलं नाही. पालापाशी त्याची मुलगी खेळत असायची. तो तुरुंगातून आला तेव्हा ती त्याला परका समजून आईमागे लपायची, असं वस्तीतल्या म्हातारीने मला आपण होऊन सांगितलं.

अकरा महिने मी असा गेलो. प्रत्येक वेळी चढावर ठरवायचो की आज त्याला म्हणेन, चल, फौजदारांकडे जाऊ, मी सांगतो. उतारावर ते उद्यावर गेलेलं असायचं. बहिणीचं लग्न होऊन तिला मूल झालं होतं. माझंही लग्न झालं होतं. पट्टा काढून घेतील ही भीती आता तेवढी मोठी नव्हती, तरी जीभ उचलत नव्हती.

मग माझी बदलीची ऑर्डर आली. नगरकडे. शेवटच्या खेपेला मी नव्या शिपायाला पाटलाकडे पाठवून एकटाच खाणीवर गेलो. तो उभा राहिला. मी वही उघडली नाही. म्हणालो, "माझी बदली झाली. जायच्या आधी मी साहेबांना सगळं लिहून देतो. त्या दिवशी तू पुण्यात होतास, चहा आम्ही पाजला, बशी मी धरली. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

तो हाताला लागलेली दगडाची भुकटी पुसत राहिला. मुलगी त्याच्या धोतराला धरून उभी होती, मला न्याहाळत.

"नगं साहेब," तो म्हणाला.

"का?"

"तुमी लिवलं की मला फिरून बोलावनार. फिरून जबानी. फिरून कोरट. तितं कुनी काय म्हनंल काय ठावं. एकदा खरं सांगून बघितलं मी." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही आता कुटं मला वळखाया लागलीया. ऱ्हाऊ द्या. लिवा, हजर."

मी वही उघडली आणि लिहिलं, हजर. त्याने मान हलवली आणि खाली बसला.

त्याने मला माफ केलं असं मला वाटलं नाही, वाटलं असं म्हणणार नाही. त्याला आमच्या बाजूने काही चांगलं येईल ही आशाच उरली नव्हती, म्हणून त्याने नको म्हटलं. हे मला तिथेच, त्या खाणीच्या काठावर उभं असतानाच कळलं होतं. तो नको म्हणाला तरी मी जाऊन लिहून देऊ शकत होतो. त्याच्यावरचा डाग पुसायला त्याची परवानगी लागत नव्हती. पण त्याने नको म्हटलं आणि मी ते धरून बसलो.

माळ उतरताना माझं अंग हलकं झालं होतं. सुटलो, असं वाटत होतं. खालच्या आमराईत नवा शिपाई भाकरीचं फडकं सोडून माझी वाट बघत बसला होता. म्हणाला, "आज खुशीत दिसताय राव." मी म्हणालो, बदली झाली ना. त्या दुपारी मी माझ्या वाट्याच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि त्याची उरलेली एक मागून घेतली.